मळेखारच्या भिंतीवरचे डास

मळेखार, ता. पेण
४ ऑगस्ट १९९४

चि. सखा यास हौसाबायचे आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला, उत्तर आज लिहिते आहे. लावणी कालच उरकली. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्यात म्हणून आज घरी बसले आणि कागद घेतला.

एक विचारायचं आहे. तू डासांच्या खात्यात नोकरीला, म्हणून तुलाच. यंदा आमच्याकडे फवारणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. तुला ठाऊक आहेच, गेली अकरा वर्षं पावसाळ्याच्या हंगामाला गावोगाव पंप मारायला हेच जातात. मुकादम हैबतराव बरोबर होते. पावडरीचा वास एवढा की सासूबाई दोन दिवस पडवीत जेवल्या. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शेण काढायला गेले तर गोठ्याच्या भिंतीवर डास. पावडरीच्या पांढऱ्या डागावरच बसलेले, तिरके, ढुंगण वर करून, तू ओळखायला शिकवले होतेस ते हिवतापाचे. पदर हलवला तर उडाले आणि पुन्हा तिथेच येऊन बसले. एकही मेला नाही.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा असं नव्हतं. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी केर काढला की सुपलीभर किडे निघायचे.

गावात कुजबुज सुरू झाली आहे. मी विहिरीवर गेले की बायका गप्प होतात. परवा एकीनं तोंडावरच विचारलं, "गो हौसा, पावडर कोनाला इकली तुज्या मालकानं? पान्यात नुसता चुना कालवला व्हय?"

यांना सांगितलं तर हसले. "मापानं घालतो गो. हैबतराव उरावर उभा असतो," म्हणाले. पण ते हसणं नेहमीचं नव्हतं.

खरं काय ते मला लिही. सरू पाचवीत गेली. मामाला लिही म्हणते, दिवाळीला मी रोह्याला येणार.

तुझी
हौसाबाय

अष्टमी, रोहा
११ ऑगस्ट १९९४

ती. हौसाबायला सखाचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. खात्याची पावडर तपासूनच येते. ती चांगली आहे.

डास मरत नसतील तर त्याची कारणं ठरलेली असतात. फवारणी झाल्यावर बायका भिंती सारवून टाकतात, मग औषध शेणाखाली जातं. हे सगळीकडे चालतं. दुसरं म्हणजे मिश्रण पातळ होतं. पावडर बादलीच्या तळाला बसते, सारखी ढवळली नाही तर शेवटच्या घरांना नुसतं पाणीच लागतं. कधी पुडे कमी पडतात, कधी कमी केले जातात. मी भावोजींचं म्हणत नाही. पण टोळीत पाच माणसं असतात, प्रत्येकाची हमी कोण देणार? भावोजींना म्हणावं, माप स्वतः बघत जा.

इकडे कुंडलिकेला पाणी खूप आहे. दोन दिवस पुलावरून येणं-जाणं बंद होतं. सरूला दिवाळीला नक्की पाठव.

तुझा
सखा

मळेखार
१९ ऑक्टोबर १९९४

चि. सखा,

तू दहाव्याला आलास तेव्हा मला बोलता आलं नाही. तूही बोलला नाहीस. माझ्याकडे बघतही नव्हतास. भाची गेली म्हणून असेल, असं मी समजले.

सगळं तुला नीट ठाऊक नाही, म्हणून लिहिते. सरूला ताप गुरुवारी आला. थंडी वाजून आला. शुक्रवारी उतरला, ती उठून सासूबाईंच्या ताटात जेवली. शनिवारी पुन्हा भरला. रविवारी सकाळी ती मला ओळखेना. यांनी तिला खांद्यावर टाकलं आणि बांधावरून वडखळपर्यंत चालत नेलं, रिक्षा गावात येत नव्हती एवढा चिखल. तिथून पेणला. डॉक्टरांनी खूप केलं. ताप मेंदूत गेला म्हणाले. मंगळवारी दुपारी संपलं. त्या आठवड्यात गावात आणखी चौदा माणसं तापाने पडली होती. ती उठली सगळी.

तेराव्यानंतर देवळात गावकी बसली. बोलायला सुरुवात कोणी केली ते सांगत नाही. जनूनं पावडर विकली, पाणी फवारलं, त्याचं त्यालाच भोवलं, असं बोलणं झालं. हे उभे राहिले. म्हणाले, "मी पावडर इकली नाय." एवढंच. आणि बसले.

मग हैबतराव घरी आले. त्यांना वर जाब द्यायचा होता. "तुमचा भाऊ त्याच खात्यात आहे ना, त्याचं काही पत्र?" असं विचारलं. तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं होतं, ते बाहेर गेलं असणार. मी पत्र काढून दिलं. कोणी माझा हात धरून नेलं नाही, मीच दिलं. मिश्रण पातळ होतं, पुडे कमी केले जातात, हे तू तुझ्या हाताने लिहिलेलं होतं.

हैबतरावांनी ते आपल्या जबाबाला जोडलं. यांचं नाव हंगामाच्या यादीतून काढलं आहे.

सखा, तू जाणता आहेस. तू लिहिलंस म्हणजे तसंच असणार. माझ्या मनात हे एकदा बसलं आहे, ते आता निघत नाही. मी त्यांना वाढते, पाणी देते. पण तोंडाकडे बघवत नाही.

हौसाबाय

अष्टमी, रोहा
२७ ऑक्टोबर १९९४

ती. हौसाबाय,

पत्र वाचलं. ते पत्र तू हैबतरावांना द्यायला नको होतंस. ते घरगुती पत्र होतं, मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

भावोजींना दोष देऊ नकोस. काहीही सिद्ध झालेलं नाही. झालं ते झालं. स्वतःला जप, तुझ्या सासूबाईंना जप.

जास्त काय लिहू.

सखा

मळेखार
२० जानेवारी १९९५

चि. सखा,

तीन महिने तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नाही. आज लिहिते आहे कारण दुसरं कोणी विचारायला उरलेलं नाही.

मिठागरं सुरू झाली तसे हे तिकडेच राहायला गेले. दरवर्षी मिठाचं काम करतातच, पण रात्रीला घरी येत. यंदा बांधावरच्या खोपीतच राहतात. सासूबाई एकाच लेकाच्या संसारात दोन चुली बघतात. गावातली पोरं त्यांना 'पाणीवाला जनू' म्हणतात. त्यांनी ऐकलेलं आहे.

काल मी भाकरी घेऊन गेले. दुपारची वेळ होती, ते मीठ ओढत होते. भाकरी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाले, "गाव बोलला. हैबतराव बोलला. तू तरी इच्यार."

"काय विचारू?"

"मी पावडर इकली का, ते. तीन मयने झाले, तू एकदा पन इच्यारलं नाय."

मी टोपली उचलली आणि निघून आले. सखा, मी विचारलं नाही, कारण त्यांनी "व्हय" म्हटलं असतं तर मी कुठे गेले असते? आणि "नाय" म्हटलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

तू मला सरळ लिही. आडून लिहू नकोस, मी आता लहान नाही. पावडर पातळ होती की नव्हती? तुला काही ठाऊक आहे का? दहाव्याला तू माझ्याकडे का बघत नव्हतास?

हौसाबाय

अष्टमी, रोहा
२ फेब्रुवारी १९९५

ती. हौसाबायच्या पायांशी,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं टाकतो आहे.

पावडर पातळ नव्हती. भावोजींनी काही विकलेलं नाही. मला हे तुझं ऑगस्टमधलं पत्र आलं तेव्हाच ठाऊक होतं. त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं.

तुला आठवतं का, दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी पहाटे तुमच्याकडे आलो होतो. टॉर्च आणि काचेची नळी घेऊन तुमच्या गोठ्यातले डास धरले होते. तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, मोजणी आहे. सरूला ती नळी हातात पाहिजे होती, मी दिली नाही. ती मोजणी नव्हती. औषधाची परीक्षा होती. नळकांड्यात औषध लावलेला कागद घालतात, त्यात डासांच्या माद्या एक तास ठेवतात. मग स्वच्छ नळकांड्यात सोडून एक दिवस वाट बघायची आणि मेलेले मोजायचे. शंभरातले वीस जगले तरी ते औषध निकामी झालं असं आमच्यात समजतात. मळेखारच्या शंभरातले त्रेचाळीस जगले. मी दोनदा केलं.

असं का होतं ते तुला सांगायला हवं होतं, ते आता सांगतो. डास औषध पचवायला शिकत नाही. हजारात दोन-चार जन्माला येतानाच असे असतात की ते विष त्यांच्या अंगात गेल्यावर फुटून जातं, त्यांना बाधत नाही. पहिल्या वर्षी बाकीचे नऊशे शहाण्णव मेले आणि आपण खूश झालो, केर काढताना सुपली भरली. पण उरले ते चार. पुढची अंडी त्यांचीच. पावसाळ्यात दहा-बारा दिवसांत नवी पिढी उभी राहते. पुढच्या वर्षी तेच औषध, त्याच भिंती. कच्चे जातात, पक्के राहतात. आधी डीडीटीचं असंच झालं, मग गॅमेक्सिनचं झालं, आता याचं झालं. शेतातही तेच. इथे अष्टमीपलीकडे वालाच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीला लोक पंपाला एक झाकण औषध घालायचे, आता तीन झाकणं घालतात आणि अळी शेंगेत बसून खाते आहे. भाताला मारलेलं औषध खाचरात उतरतं, डासांची पिल्लं त्याच पाण्यात वाढतात. म्हणजे दोन्हीकडून आपणच त्यांची निवड करत आलो.

आणि बाय, यातलं सगळ्यात वाईट हे आहे की भावोजींनी जेवढी इमानाने फवारणी केली, तेवढे पक्के डास मागे उरले. कामचोर माणसाच्या हातून हे एवढ्या लवकर झालं नसतं.

अहवाल मी लिहिला. तेव्हाचे साहेब म्हणाले, वर पाठवतो, पण गावात एक अक्षर बोलायचं नाही. लोकांना कळलं तर ते पंप घरात शिरू देणार नाहीत, आणि दुसरं औषध येईपर्यंत हातात हेच आहे, निम्मे तर निम्मे मरू देत. ते अगदीच खोटं बोलत नव्हते. पण निम्मेच मरतात हे तरी घरोघर सांगायला हवं होतं. वरून काही आलं नाही. साहेब बदलून गेले. मी गप्प राहिलो.

तुझं पत्र आलं तेव्हा मला दोन ओळी लिहायच्या होत्या. औषध चालत नाही, सरूला मच्छरदाणीत झोपवा. मी त्याऐवजी सारवण आणि पातळ मिश्रण लिहिलं. नोकरीची भीती होती. दुसरं काही कारण नाही.

तू मागशील ती शिक्षा मला मान्य आहे. हे पत्र कोणालाही दाखव.

सखा

मळेखार
१२ फेब्रुवारी १९९५

सखा,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

तुझं पत्र मी पहिल्यांदा परसात वाचलं. मग मला वाटलं, तिथला दगड उचलून कोणाला तरी मारावा. तू आमच्या चुलीपाशी बसून चहा प्यायलास. त्रेचाळीस हा आकडा घेऊन तू भाऊबीज ओवाळून घेतलीस माझ्याकडून. दहाव्याला तू तिच्या फोटोला नमस्कार केलास.

पण मलाही एक सांगायचं आहे. ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. फवारणी झाल्यावर सहाव्या दिवशी मी मागची खोली सारवली. वासाने सरूचं डोकं दुखत होतं, ती तिथेच झोपायची. तुझं ऑगस्टचं पत्र मी वाचलं त्यात दोन कारणं होती. पहिलं सारवणाचं. ते माझं होतं. दुसरं यांचं होतं. सखा, मी दुसरं उचललं. तुझं पत्र हैबतरावांच्या हातात देताना मला काय वाटलं माहीत आहे? सुटले, असं वाटलं.

म्हणून तुला शिक्षा करायला मी मोकळी नाही.

तू इकडे येऊ नकोस. आत्ता तुला उंबऱ्यात बघवणार नाही. पण यांचं नाव धुतलं पाहिजे, आणि ते कागदाने होणार नाही. कागदावरूनच त्यांना काढलं होतं. हैबतराव बावीस वर्षं या कामात आहेत, ते म्हणतील मेहुण्याने मेहुण्याला वाचवलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काही दाखवता येतं का? गावात ज्या वस्तू असतील त्यांतूनच व्हायला हवं. ते लिही.

हौसा

अष्टमी, रोहा
१८ फेब्रुवारी १९९५

ती. हौसाबाय,

येतं दाखवता. तुझ्याकडे कंदिलाच्या दोन सारख्या काचा लागतील. नळी मी एसटीच्या पार्सलने पेणला पाठवतो, स्टँडवर जाऊन घे.

देवळाच्या भिंतीचा एक भाग हैबतरावांनी स्वतः फवारावा. पुडा त्यांच्याकडचा, माप त्यांचं, ढवळणं त्यांचं, पंप त्यांचा. भावोजींनी कशालाही हात लावू नये. भिंत एक दिवस वाळू द्यावी. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यातून पोट लाल झालेल्या माद्या धरायच्या, हळू, पाय मोडता कामा नयेत. वीस एका काचेत, वीस दुसऱ्या काचेत. वरच्या तोंडाला पातळ फडकं बांधायचं आणि खालचं तोंड भिंतीला टेकवून धरायचं. एक काच फवारलेल्या भागावर, दुसरी कोऱ्या भिंतीवर. अर्धा तास घड्याळ लावून. मग डास स्वच्छ बरण्यांत सोडायचे, वर ओलं फडकं, सावलीत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजायचे. कोऱ्या भिंतीवरचेही मेले तर धरताना चूक झाली समजायचं आणि पुन्हा करायचं.

ही खात्याची पक्की परीक्षा नव्हे. पण डोळ्यांना दिसेल एवढी खरी आहे.

सोबत अहवालाची नक्कल माझ्या सहीने आहे. ती हैबतरावांना द्यायला माझी हरकत नाही. माझं जे व्हायचं ते होईल.

सखा

मळेखार
९ मार्च १९९५

चि. सखा,

झालं ते सगळं लिहिते.

तुझं मोठं पत्र मी खोपीत नेऊन यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी बोटाने ओळ धरून वाचलं, बराच वेळ लागला. मग घडी घातली आणि मिठावर गेले. मला वाटलं संपलं. संध्याकाळी ते घरी आले, मागच्या दाराने. विचारलं, "काचा कंच्या घ्याच्या?"

हैबतराव पहिल्यांदा चिडले. मी म्हटलं, "तुम्ही बरोबर असलात तर वीसच्या वीस मरतील. मग मी गावासमोर यांच्या नावानं अंघोळ करीन." मेल्या माणसाच्या नावाने करतात ती. ते ऐकून ते हो म्हणाले. पुडा त्यांनी स्वतः फोडला, सगळ्यांना दाखवला. बादली काठीने एवढी ढवळली की घाम आला. देवळाच्या मागच्या भिंतीवर हातभर जागा मारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं गोठ्यात होतो. टॉर्च मी धरला. यांनी नळीने एकेक डास घेतला, जड हाताचा माणूस, पण एकाही डासाचा पाय मोडला नाही. सरू गेल्यापासून एवढा वेळ जवळ उभे राहिलो नव्हतो.

देवळात निम्मं गाव जमलं. काचा भिंतीला दोन माणसांनी धरल्या, हैबतरावांनी घड्याळ धरलं. बरण्या देवळातच ठेवल्या, कुलूप लावून किल्ली त्यांनीच नेली.

परवा सकाळी उघडलं. कोऱ्या भिंतीवरच्या बरणीत एकोणीस जिवंत, एक मेलेला. फवारलेल्या भिंतीच्या बरणीत हैबतरावांनी मोजले, मग पोलीस पाटलांनी मोजले, मग पुन्हा हैबतरावांनी. अकरा जिवंत होते. उडत होते, सखा. एक फडक्याला चिकटून बसला होता, तसाच तिरका.

हैबतराव देवळाच्या पायरीवर बसले. त्यांनी आपले दोन्ही हात बघितले. म्हणाले, "माप माझ्याच हातचं होतं ना? मग बावीस वर्षं मी मारत काय होतो, जनू?"

हे म्हणाले, "मराचे ते मरत व्हते. ऱ्हायले ते ऱ्हायले."

हैबतरावांनी तुझ्या अहवालाची नक्कल तिथेच वाचली आणि त्याच दिवशी आपला जबाब मागे घेतल्याचा कागद लिहिला. गावकीने यांना मध्ये बसवून पान दिलं. विहिरीवरच्या त्या बाईने माझा हात धरला आणि रडली. मी रडले नाही. मला घरी जायचं होतं.

वाटेत बांधावर मी त्यांना थांबवलं आणि मागची खोली सारवल्याचं सांगून टाकलं. सगळं सांगितलं. पत्र देताना मला काय वाटलं, तेही.

ते म्हणाले, "म्हाईत व्हता. त्या सांच्याला मी आलो तवा शेन ओलाच व्हता."

"मग गावकीत बोलला का नाहीत? फवारलेलं बायकोनं सारवलं, एवढं म्हटलं असतंत तरी..."

"म्हटला असता तं पोरीचा मरन तुज्यावर आला असता. माज्यावर पावडरीचा आला. तो मला झेपला."

सखा, हा माणूस एवढे महिने खोपीत एकटा राहिला. मी त्याला एक प्रश्न विचारला नव्हता.

आज ते घरात आहेत. सासूबाईंनी एकच चूल पेटवली.

तू येऊ नकोस असं मी लिहिलं होतं. ये असं अजून लिहवत नाही. पण पत्र टाकत जा.

हौसाबाय

मळेखार
२ जुलै १९९५

सखा यास जनूचा नमस्कार.

मला लिव्हायची सवय नाय. सातवीनंतर हे पैलंच पत्र. हौसा म्हनली मी लिव्हते, तुमी सांगा. मी म्हनलो नको, हे माजं मीच लिव्हीन.

नवं औषध आलं हाय. दुसऱ्या जातीचं. हैबतराव सोता घरी आला आनि म्हनला, यादीत नाव घातलंय, चल. मी पैले नाय म्हनलो. मंग गेलो. काल मळेखार मारलं. केरात डास निगाले. बायका खूश. मी परतेक घरात सांगतो, बायांनो हे पन जन्मभर पुरनार नाय. मच्छरदानी लावा, खड्डे बुजवा, ताप आला की त्याच दिवशी रगत तपासा, पंपावर सगळं टाकू नका. हैबतरावला पैले आवडलं नाय. आता तो पन सांगतो.

तुजी बदली झाली आसं आयकलं. कागद दाखवलास म्हनून झाली, ते पन आयकलं. तू कोनाला बोलला नायस, आमाला हैबतरावाकडून कळलं.

तुज्यावर माजा राग हाय. खोटं कशाला बोलू. एक वळ लिवली आसतीस तर मी पोरीला पावसाळाभर तुज्याकडं धाडली आसती, नायतर माजं धोतर फाडून तिला मच्छरदानी शिवली आसती. हे मला रोज आठवतं. पंप खांद्याव घेताना जास्त आठवतं. हा राग जानार नाय आनि तो जावा आसं मी देवाला म्हनत बी नाय.

पन कामाचं एक हाय. दरसाल मार्चात तू हितं येयाचं. नळी घेऊन. बदली कुटं बी होवो, रजा काडून येयाचं. आमच्या गोठ्यातले डास धरायचे, आनि शंबरातले किती जगले तो आकडा आदी देवळात गावाला सांगाचा, मंग तुज्या साहेबाला. गावकीनं ठरवलंय. फळा पन केलाय, आकडा लिव्हायला.

या सालचा अजून लिव्हला नाय. औषध नवं हाय, आत्ताच मोजून ठेवला पायजे, मंजे पुडं कळंल कवा फिरलं ते. मार्चाची वाट बगू नको. येत्या आयतवारी ये. पैली एसटी धर, वडखळला उतर, मी नाक्याव उभा ऱ्हातो.

जेवून येऊ नको.

जनू